धुराचे निशाण, भरतीची रेघ

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात बोमाँट नावाचे शहर आहे. त्याच्या दक्षिणेला स्पिंडलटॉप हा जेमतेम टेकडी म्हणावा असा उंचवटा. त्याच्या पोटात मिठाचा प्रचंड घुमट आणि घुमटाच्या आडोशाला साठलेले खनिज तेल. १० जानेवारी १९०१ रोजी हजार फुटांहून खोल गेलेल्या एका विहिरीतून आधी चिखल उसळला, मग वायू आणि मग तेलाचा काळा फवारा दीडशे फुटांच्या वर उडाला. तो आवरायला नऊ दिवस लागले. तोवर दिवसाला सुमारे एक लाख पिंपे या वेगाने तेल रानात सांडत होते. विहीर खणणाऱ्या अँथनी लुकस या खाणअभियंत्याच्या नावाने ती ‘लुकस गशर’ म्हणून ओळखली जाते. पुढे जगभर पसरलेल्या गल्फ आणि टेक्साको या तेलकंपन्यांचा उगम याच धांदलीत झाला. तेल मुबलक आणि स्वस्त झाले, आगगाड्यांची व जहाजांची इंजिने कोळसा सोडून तेलाकडे वळली आणि मोटारीच्या शतकाला इंधन मिळाले. खुद्द स्पिंडलटॉपचा बहर मात्र अल्पजीवी ठरला. दोन-तीन वर्षांतच उत्पादन कोसळले. १९२० च्या दशकात एकदा पुन्हा तेजी आली, नंतर तिथले गंधकही काढून झाले, आणि मागे उरली खुरट्या झुडपांची, ओसाड जमीन.

एप्रिल २०१७ मध्ये हीच जमीन लंडनच्या सॉमरसेट हाउसच्या चौकात एका उंच एलईडी पडद्यावर दिसू लागली. रिकाम्या माळावर एक खांब उभा आहे, खांबाच्या टोकाशी ओळीने छिद्रे आहेत आणि त्यांतून दाट काळा धूर सतत बाहेर पडतो आहे. वाऱ्यावर तो धूर फडफडतो तेव्हा त्याला झेंड्याचा आकार येतो. कॅमेरा संथपणे खांबाभोवती फिरत राहतो. बाकी काही घडत नाही. आयरिश कलावंत जॉन जेरार्ड यांची ही कलाकृती. नाव ‘वेस्टर्न फ्लॅग (स्पिंडलटॉप, टेक्सास)’. ब्रिटनच्या चॅनल फोर या दूरचित्रवाणी वाहिनीने वसुंधरा दिनासाठी ती करवून घेतली होती, आणि २२ एप्रिलला चालू कार्यक्रमांच्या मध्येच, कसलीही पूर्वसूचना न देता, ती लोकांच्या घरांतील पडद्यांवरही दाखवली. पुढे २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात ‘डेझर्ट एक्स’ या खुल्या प्रदर्शनात ती पाम स्प्रिंग्जजवळ उभी राहिली. माद्रिदमधील थिसेन-बोर्नेमिसा संग्रहालयाच्या आवारातही ती लोकांनी पाहिली.

या कलाकृतीत एक साधी अडचण साध्या रीतीने सोडवलेली आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत सुमारे २८० भाग असलेला कार्बन डायऑक्साइड आज ४२० भागांच्या पुढे गेला आहे, पण तो कोणाला दिसत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. गेल्या सव्वाशे वर्षांतले सर्वांत मोठे उत्सर्जन डोळ्यांदेखत होऊनही अदृश्यच राहिले. जेरार्ड यांनी त्याला धुराचा रंग दिला आणि राष्ट्रांची ओळख ज्याने सांगितली जाते तो झेंड्याचा आकार दिला. हा झेंडा कोणाचा, हे पाहणाऱ्याने ठरवायचे. चौकात पाटी लावून ‘तेल जाळू नका’ असे सांगितले असते तर फार तर कोणी मान डोलावली असती.

अशा कामांना सार्वजनिक व्हिडिओ कला म्हणतात. व्हिडिओ कला मुळात कलादालनात वाढली. अंधारी खोली, एक बाक, भिंतीवर फिरते चित्र आणि स्वतःहून आत आलेला प्रेक्षक हा तिचा नेहमीचा संसार. ती चौकात, इमारतीच्या दर्शनी भिंतीवर, रेल्वे स्थानकात किंवा नदीकाठी आली की सगळे हिशेब बदलतात. प्रेक्षक वाटसरू होतो. तो मध्येच येतो, मध्येच जातो, त्याच्या हातात भाजीची पिशवी असते. त्यामुळे सुरुवात, मध्य, शेवट अशी कथा तिथे चालत नाही. आवाजाचा भरवसा नसतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मागची जागा कोरी नसते. इमारतीला तिचा इतिहास असतो, चौकाला त्याच्या आठवणी असतात. जागा बदलली की अर्थ बदलतो, म्हणून या प्रकारात जागेची निवड ही निम्मी निर्मिती असते. या क्षेत्रातली फसलेली कामे पाहिली तर बहुतेक वेळा चित्र वाईट नसते, जागा कुठलीही चालली असती अशी असते.

ऐतिहासिक वास्तूवर रात्री प्रकाश टाकून तिची कथा सांगण्याची पद्धत त्या मानाने जुनी आहे. फ्रान्समधील शाँबोरच्या राजवाड्यात १९५२ मध्ये पहिला ध्वनि-प्रकाश प्रयोग झाला. दिल्लीच्या लाल किल्ल्यात तसा कार्यक्रम १९६५ पासून सुरू झाला. या प्रयोगांत वास्तू आपला गौरवशाली, बहुधा सरकारमान्य इतिहास सांगते. कलावंतांनी हेच तंत्र उचलले आणि वास्तूला तिच्या अडचणीच्या गोष्टी बोलायला लावल्या. पोलंडमध्ये जन्मलेले क्रिस्तॉफ व्होदिच्को हे त्यातले मोठे नाव. ऑगस्ट १९९९ मध्ये त्यांनी हिरोशिमाच्या अणुबॉम्ब घुमटाखाली, नदीच्या बांधावर, बॉम्बहल्ल्यातून वाचलेल्या माणसांचे फक्त हात प्रक्षेपित केले. चेहरे नाहीत, नुसते बोलताना हलणारे हात, आणि ध्वनिवर्धकातून त्यांचे आवाज. त्यांत जपानमध्ये राबायला आणलेल्या कोरियन माणसांच्या आठवणीही होत्या, ज्यांना अधिकृत स्मारकांत फारशी जागा मिळालेली नव्हती.

दुसरी परंपरा जाहिरातीच्या फलकांची. न्यू यॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील ‘स्पेक्टाकलर’ या दिव्यांच्या फलकावर १९८२ मध्ये जेनी होल्झर यांनी आपली छोटी, बोचरी वाक्ये झळकवली. जाहिरातींच्या फेऱ्यात कलावंताला अर्धे मिनिट मिळायचे. त्याच चौकात २०१२ पासून ‘मिडनाइट मोमेंट’ हा उपक्रम चालतो. रोज रात्री ११ वाजून ५७ मिनिटांपासून बारापर्यंत तिथल्या अनेक पडद्यांवरून जाहिराती हटतात आणि एकाच कलावंताचे व्हिडिओ काम एकाच वेळी सगळीकडे चालते. तीन मिनिटे म्हणजे फार नाही. पण जगातल्या सर्वांत महागड्या जाहिरातजागांपैकी एका ठिकाणी, रोज, वर्षानुवर्षे ती राखून ठेवलेली आहेत, हे नजरेआड करून चालणार नाही.

या कलेचा विस्तार तंत्रज्ञानाने ठरवला. लाल आणि हिरवे एलईडी दिवे १९६०-७० च्या दशकांपासून होते. तेजस्वी निळा दिवा मात्र जपानमध्ये इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांच्या कामातून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साधला. तिघांना त्याबद्दल २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. लाल, हिरवा, निळा हे तीन रंग हाताशी आल्यावरच पूर्ण रंगांचे मोठे एलईडी पडदे शक्य झाले. असा पडदा म्हणजे हजारो दिव्यांच्या चौकोनी फरशा एकमेकींना जोडून उभारलेली भिंत. दोन दिव्यांमधले अंतर जितके मिलिमीटर, साधारण तितके मीटर लांब उभे राहिले की ठिपके मिटून चित्र सलग दिसते. घरातल्या टीव्हीचा उजेड काही शे ‘निट’ असतो. भर दुपारी उन्हात चित्र दिसायचे तर पाच हजारांच्या वर जावे लागते. प्रक्षेपकाचे गणित वेगळे. त्याला अंधार हवा, पण इमारतीच्या खिडक्या, खांब, कोनाडे मोजून चित्र नेमके त्यांवर बसवता येते. म्हणून इतिहासाशी बोलणारी कामे बहुधा प्रक्षेपणाकडे वळतात, आणि दिवसाउजेडी उभी राहणारी कामे एलईडीकडे.

‘वेस्टर्न फ्लॅग’ मात्र काटेकोरपणे पाहिले तर व्हिडिओच नाही. त्यात चित्रीकरण नाही. जागेची बारकाईने पाहणी करून तिची संगणकात त्रिमितीय प्रतिकृती रचली जाते आणि व्हिडिओ गेममध्ये वापरतात तशा प्रणालीने प्रत्येक क्षणाचे चित्र त्या क्षणी तयार केले जाते. याला सिम्युलेशन म्हणतात. फिल्मची रिळे फिरून पुन्हा पहिल्या चौकटीवर येतात, इथे तसे होत नाही. पडद्यावरचा सूर्य टेक्सासच्या वेळेनुसार उगवतो आणि मावळतो. लंडनमध्ये सकाळी कामावर निघालेल्या माणसाला पडद्यावर अंधार दिसे, कारण बोमाँटला तेव्हा पहाट व्हायची असे. उन्हाळ्यात दिवस मोठा, हिवाळ्यात लहान, तेही बरोबर. काम वर्षभर चालू ठेवले तर वर्षाच्या कुठल्याही दोन क्षणांचे चित्र सारखे नसते.

जेरार्ड यांचा जन्म १९७४ चा. डब्लिनमधले हे कलावंत ऑक्सफर्डला शिल्पकला शिकले, मग शिकागोला गेले, आणि त्यांचा हात संगणकाकडे वळला तरी नजर शिल्पकाराचीच राहिली. वस्तूभोवती फिरून पाहायची सवय त्यांच्या प्रत्येक कामात दिसते. अमेरिकेच्या मध्यभागातील विस्तीर्ण मैदाने हा त्यांचा आवडता प्रदेश. तिथे काही दिसतच नाही अशी सर्वसाधारण समजूत आहे. सपाट शेते, धान्याची कोठारे, डुकरांचे बंदिस्त गोठे, मधूनच एखादा तेलपंप. पण याच सपाटीवर विसाव्या शतकातली एक मोठी पर्यावरणीय आपत्ती घडली.

टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या राज्यांचे कोपरे जिथे जवळ येतात, तिथली गवताळ जमीन पहिल्या महायुद्धाच्या आसपास, गव्हाला भाव मिळत होता तेव्हा, मोठ्या प्रमाणावर नांगरली गेली. घोड्यांच्या जागी ट्रॅक्टर आले होते आणि ट्रॅक्टरला लागणारे इंधन स्वस्त होते. हजारो वर्षे माती धरून ठेवणारे गवताचे मूळ उपटले गेले. १९३० च्या दशकात दुष्काळ पडला आणि सुटी झालेली माती वाऱ्यावर उडाली. १४ एप्रिल १९३५ चे वादळ ‘काळा रविवार’ म्हणून लक्षात राहिले. भर दिवसा अंधार झाला. लाखो माणसे घरदार सोडून निघून गेली. जेरार्ड यांनी २००७ मध्ये केलेल्या ‘डस्ट स्टॉर्म (डालहार्ट, टेक्सास)’ या कामात त्या काळातला धुळीचा अजस्र लोट आजच्या डालहार्टच्या शांत माळावर आणून उभा केला आहे. लोट सतत घुसळत राहतो, पण पुढे सरकत नाही. प्रदेश आजचा, आपत्ती नव्वद वर्षांपूर्वीची, आणि पुढे काय वाढून ठेवले आहे हा प्रश्न त्या दोहोंच्या मध्ये. भूप्रदेश, इतिहास आणि हवामान या तिघांना एका चौकटीत बसवण्याचा याहून नेटका मार्ग क्वचितच कोणाला सापडला असेल.

२००८ मधले ‘ऑइल स्टिक वर्क’ त्याहून विचित्र आहे. कॅन्सस राज्यातल्या रिचफील्ड गावाजवळचे एक मोठे कोठार. रोज पहाटे पडद्यावर एक कामगार येतो, नाव अँजेलो मार्टिनेझ, आणि काळ्या तैलखडूने कोठाराच्या भिंतीचा एक चौरस मीटर भाग रंगवतो. दिवस मावळला की निघून जातो. आठवड्याचे सहा दिवस काम, एक दिवस सुटी. या गतीने कोठार पूर्ण काळे व्हायला तीस वर्षे लागतात, म्हणजे २०३८ उजाडावे लागेल. लंडनच्या कॅनरी वॉर्फ या बँकांच्या वस्तीतल्या भुयारी स्थानकात हे काम लावले गेले, ही निवड मोठी मार्मिक होती. रोज त्याच वेळी त्याच फलाटावर उतरणारे हजारो नोकरदार आणि पडद्यावर त्यांच्यासारखाच वक्तशीर माणूस. कोणी थांबून पाहिले तर काही घडताना दिसत नाही. महिन्याभराने नजर गेली तर काळा भाग वाढलेला. हवामानबदलाची गती नेमकी हीच आहे. बातमीत ती पकडता येत नाही, दोन मिनिटांच्या चित्रफितीतही नाही. रोज दिसणाऱ्या पडद्याला ती पकडता येते.

हवामानाच्या संकटावरचे उपायही याच नजरेने पाहिले जातात. ऑक्टोबर २०१४ मध्ये न्यू यॉर्कच्या लिंकन सेंटरच्या प्रांगणात २८ फूट बाय २४ फुटांच्या एलईडी भिंतीवर जेरार्ड यांचे ‘सोलर रिझर्व्ह (टोनोपा, नेवाडा)’ हे काम दाखवले गेले. नेवाडाच्या वाळवंटातला सौरऊर्जा प्रकल्प, मध्ये उंच मनोरा आणि त्याभोवती वर्तुळात मांडलेले दहा हजार आरसे. सूर्य सरकेल तसे आरसे वळतात आणि प्रकाश मनोऱ्यावर एकवटतात. मनोऱ्यात वितळलेले मीठ तापते, ती उष्णता साठवून सूर्यास्तानंतरही वीज करता येते. कॅमेरा तासाभरात जमिनीवरून उंच चढत जाऊन थेट वरून पाहतो, तेव्हा आरशांची रांगोळी दिसते. काम उत्सवी नाही, टीकेचेही नाही. पुढे प्रत्यक्ष प्रकल्पात मिठाच्या टाकीला गळती लागली, बरेच महिने काम थांबले आणि २०१९ मध्ये वीज घेणाऱ्या कंपनीने करार संपवला. संगणकातले आरसे मात्र ठरल्याप्रमाणे वळत राहिले. कलावंताने हे योजलेले नव्हते, पण त्यामुळे हे काम आज आणखी अर्थपूर्ण वाटते.

जेरार्ड यांच्या कामात प्रदेश दूरचा असतो आणि पडदा शहरात. काही कलावंतांनी ते अंतरच काढून टाकले आणि मोजमापयंत्रांनाच चित्रकार केले. अँड्रिया पोली यांचे ‘पार्टिकल फॉल्स’ २०१० मध्ये कॅलिफोर्नियातील सान होजे शहरात प्रथम दिसले. एका उंच इमारतीच्या भिंतीवरून निळ्या प्रकाशाचा धबधबा कोसळतो. शेजारी हवेतले सूक्ष्म कण मोजणारे यंत्र ठेवलेले असते. त्यातून लेसर किरण जातो आणि कणांवर आदळून किती विखुरतो यावरून कणांचे प्रमाण कळते. हवा स्वच्छ असेल तर धबधबा निळा वाहतो. समोरून धूर ओकणारा ट्रक गेला की काही क्षणांत धबधब्यात तेजस्वी ठिणग्या उसळतात. आकड्यांचा तक्ता पाहून जे कळत नाही ते इथे शाळकरी मुलालाही कळते, आणि दोषी कोण हेही.

फिनलंडची राजधानी हेलसिंकी इथे फेब्रुवारी २००८ मध्ये झालेला ‘न्वाज वेर’, म्हणजे हिरवा ढग, हा प्रयोग याच्या पुढे गेला. हेलन इव्हान्स आणि हाइको हान्सेन ही ‘हेहे’ नावाने काम करणारी जोडी. शहराच्या साल्मिसारी या कोळशावरच्या वीजकेंद्राच्या धुराड्यातून निघणाऱ्या वाफेवर त्यांनी हिरव्या लेसरने ढगाची बाह्यरेषा काढली. उष्णता टिपणारा कॅमेरा वाफेचा आकार हेरत असे, त्यामुळे रेषा हलत्या ढगाला चिकटून राही. खरी मेख वेगळीच होती. परिसरातल्या लोकांनी विजेचा वापर कमी केला की हिरवा ढग मोठा होई. थोडक्यात, प्रेक्षकाच्या घरातले बटण आणि आकाशातले चित्र एकमेकांना जोडलेले. वीजकंपनी, शास्त्रज्ञ आणि रहिवासी या सगळ्यांना त्यासाठी कलावंतांशी बोलावे लागले. धुराडे सुंदर दिसायला लागले तर लोक त्याच्यावर रागावतील कसे, हा आक्षेप इथे घेता येतो आणि तो पूर्णपणे खोडता येत नाही. तरीही प्रेक्षकाला हातात काही करण्याजोगे देणारी कामे या क्षेत्रात फार थोडी आहेत, आणि हे त्यांतले एक. साल्मिसारीचे ते कोळसा-केंद्र १ एप्रिल २०२५ रोजी बंद झाले. त्याचे श्रेय लेसरला नाही, ऊर्जाधोरणाला आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर, नॉर्थ यूइस्ट बेटाच्या लॉकमॅडी गावात, पेक्का निट्टिव्हिर्टा आणि टिमो आहो या फिनिश कलावंतांनी २०१८ मध्ये पडदाही टाकून दिला. गावातल्या कला-संग्रहालयाच्या भिंतींवर आणि आसपास त्यांनी पांढऱ्या प्रकाशाच्या आडव्या रेघा बसवल्या. भरती चढली की संवेदक त्या उजळवतात. समुद्राची पातळी वाढल्यावर वादळी भरतीचे पाणी कुठवर येईल, ती उंची या रेघा दाखवतात. कामाचे नावच त्या जागेचे अक्षांश-रेखांश. हे अर्थातच व्हिडिओ नव्हे, पण सार्वजनिक प्रकाशकलेचा शिकवणारा नमुना आहे. कारण इमारत सोयीची म्हणून निवडलेली नाही. याच संग्रहालयाला पाण्याच्या भीतीमुळे आहे त्या जागी विस्तार करता येत नव्हता. नेदरलँड्सच्या दान रोझगार्द यांचे ‘वॉटरलिख्त’ २०१५ मध्ये अॅमस्टरडॅमच्या संग्रहालय-चौकावर डोक्याच्या वर निळ्या प्रकाशाचा लहरणारा पृष्ठभाग पसरवून गेले. बंधारे नसते तर पाणी कुठे असते, ते दाखवणारे. त्या देशाचा सुमारे एक चतुर्थांश भाग समुद्रसपाटीखाली असल्याने तिथे हे दृश्य कल्पनेतले राहत नाही. हेच काम समुद्राशी काही संबंध नसलेल्या शहरांत नेले की त्याची शोभा उरते, धार कमी होते.

मोठ्या परिषदांच्या वेळी होणारी भव्य प्रक्षेपणे ही वेगळी जात आहे. पॅरिस हवामान परिषदेच्या काळात, ८ डिसेंबर २०१५ रोजी, व्हॅटिकनमधील सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या दर्शनी भागावर वाघ, मासे, पक्षी, वितळते बर्फ यांची छायाचित्रे झळकली. जागतिक बँकेच्या हवामानविषयक उपक्रमाचा त्याला पाठिंबा होता. चौकात मोठी गर्दी झाली. काही कॅथलिकांना मात्र तो आपल्या पवित्र वास्तूचा चित्रपटगृहासारखा वापर वाटला. त्याआधी काहीच दिवस आयफेल टॉवरवर नाझिहा मेस्तावी यांनी प्रकाशाची झाडे उभी केली होती. प्रत्येक झाडामागे प्रत्यक्षात एक झाड लावण्याची योजना होती. अशा प्रयोगांची छायाचित्रे जगभर छापली जातात, त्यांचा प्रचारातला उपयोग नाकारता येणार नाही. पण कला म्हणून ती पातळ असतात. वाघ बॅसिलिकावर का, या प्रश्नाला ‘भिंत मोठी आणि प्रसिद्ध आहे’ याखेरीज उत्तर मिळत नाही. स्पिंडलटॉपच्या माळावर धूर का, हे विचारावे लागत नाही.

एक आक्षेप सगळ्यांनाच लागू होतो. हवामानबदलावर बोलायला इतकी वीज जाळायची का? मोठ्या एलईडी पडद्याला चौरस मीटरमागे काही शे वॅट वीज लागते. शिवाय रात्रीच्या प्रकाशाने पक्षी व कीटकांना त्रास होतो तो वेगळा. प्रामाणिक उत्तर असे की बहुतेक पडदे कलेसाठी उभारलेले नसतात. ते जाहिरातींसाठी वर्षभर पेटलेलेच असतात, कला त्यांतली काही मिनिटे उसनी घेते. मात्र एकाच कामासाठी परदेशातून पडदा आणून उभारणाऱ्यांनी हा हिशेब मांडायलाच हवा. त्याहून अवघड प्रश्न पैशाचा आहे. मोठा पडदा फुकट मिळत नाही, आणि ज्या उद्योगांवर बोट ठेवायचे त्यांचीच जाहिरात पुढच्या मिनिटाला त्याच पडद्यावर येऊ शकते. चौकात येण्याची ही किंमत आहे, आणि कलावंत ती जाणून असतात.

भारतात, त्यातही मुंबईत, फिरत्या चित्रातून शहराचा प्रदेश वाचण्याची सुरुवात बरीच आधी झाली. अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ ही कलावंतांसाठीची चित्रपट व छायाचित्रणाची कार्यशाळा चालवली. तिथे तरुण नलिनी मालानी यांनी आधुनिक घरांच्या रंगीत स्वप्नांवर एक छोटी अॅनिमेशन फिल्म केली. काही वर्षांनी तिच्या शेजारी त्यांनी दुसरी, कृष्णधवल फिल्म लावली. तिच्यात एक तरुणी मुंबईच्या झोपड्यांकडे पाहते. ‘युटोपिया’ नावाचे हे जोडचित्र १९७६ मध्ये पूर्ण झाले. स्वातंत्र्योत्तर नियोजनाची आशा आणि तिचे जमिनीवर झालेले रूप असे ते शेजारी शेजारी. पोखरण अणुचाचण्यांनंतर मालानी यांनी केलेले ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ १९९९ मध्ये तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मांडले गेले. पत्र्याच्या ट्रंकांमध्ये चालू असलेले टीव्ही पाहायला कलादालनात कधी न जाणारे लोक आले, कारण ते संग्रहालय पाहायला आलेले होते.

जमीन आणि हवामान यांचा थेट संबंध अमर कंवर यांच्या ‘द सॉव्हरिन फॉरेस्ट’मध्ये आहे. ओडिशातील खाणी आणि उद्योगांसाठी होणारे भूसंपादन हा त्याचा विषय. त्यातल्या ‘द सीन ऑफ क्राइम’ या फिल्ममध्ये शेते, ओढे, झाडे, गवत एवढेच दिसते. ही दृश्ये ज्या भागांतली आहेत ते जवळजवळ सगळे संपादनासाठी प्रस्तावित झालेले होते, हे कळल्यावर त्याच गवताकडे पुराव्यासारखे पाहिले जाते. सोबत देशी भाताच्या अडीचशेहून अधिक वाणांचे बियाणे मांडलेले असते. जर्मनीतील ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात हे काम २०१२ मध्ये गाजले. त्याच वर्षी ते भुवनेश्वरमध्येही मांडले गेले, म्हणजे ज्यांच्या जमिनीबद्दल ते आहे त्यांना येऊन पाहता येईल, बोलता येईल अशा जागी.

मुंबईच्या ‘कॅम्प’ या कलावंतगटाने, म्हणजे शायना आनंद, अशोक सुकुमारन आणि सहकाऱ्यांनी, पाळतीसाठी वापरल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यालाच निसर्गचित्रकार केले. ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’ हे २०२२ चे सात पडद्यांचे काम. एका उंच इमारतीच्या माथ्यावर बसवलेला, दूरनियंत्रणाने फिरणारा एकच सीसीटीव्ही कॅमेरा आकाशापासून खाली झुकत जातो. ढग, समुद्र, काचेचे मनोरे, अर्धवट इमारती, पत्रे आणि शेवटी ताडपत्रीखालची माणसे. गिरण्यांच्या जमिनीवर उभे राहिलेले शहर त्याच्या उताराच्या क्रमाने वाचले जाते. कोचीच्या बिएनालेत आणि पुढे न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ते दाखवले गेले. भर घालून जोडलेल्या बेटांच्या या शहरात २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. पाणी कुठून यावे आणि कुठे जावे, हे जमिनीच्या इतिहासाशिवाय समजत नाही, आणि असे काम तो इतिहास डोळ्यांसमोर ठेवते.

या यादीतली भारतीय कामे जवळजवळ सगळी संग्रहालयांच्या, प्रदर्शनांच्या छपराखालची आहेत. खुल्या चौकात, येणाऱ्या-जाणाऱ्याला नकळत भेटणारी व्हिडिओ कला आपल्याकडे तुरळक आहे, आणि पडद्यांची कमतरता हे त्याचे कारण नक्कीच नाही. मुंबई, पुणे, नागपूर इथल्या हमरस्त्यांवर डिजिटल फलक वाढतच आहेत. मे २०२४ मध्ये घाटकोपरला वादळी वाऱ्यात महाकाय फलक कोसळून सतरा जणांचा जीव गेला, त्यानंतर फलकांचा आकार, पाया आणि परवाने यांवर बरीच चर्चा झाली. त्यांवर काय दिसावे, याची चर्चा मात्र झाली नाही. परवाना देताना रोजची काही मिनिटे शहराच्या कलावंतांसाठी राखून ठेवण्याची अट महापालिकांना घालता येईल. न्यू यॉर्कमध्ये ती मिनिटे जाहिरातदारांनी आपणहून सोडली. इथे नागरिकांनी ती मागायला हवीत.